कापलं की फिटलं

भावोजी चाकांच्या खुर्चीत बसून अंगणभर फिरायला लागले की माझा जीव खाली-वर व्हायचा. धडधाकट माणसाने अशा खुर्चीत बसू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं मी त्यांना दर वेळी बजावायची.

"वहिनी, वास्तूला एवढं ऐकू येत असतं, तर आधी या ब्रेकचं कुरकुरणं ऐकलं असतं," असं म्हणून ते खुर्ची गर्रकन वळवायचे आणि माझ्या तुळशीच्या कुंडीपासून बोटभर अंतरावर थांबवायचे. "बघा, लागला ब्रेक. आता पुढचा माणूस पडणार नाही."

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. घर एकच, वर आम्ही, खाली ते आणि माझी जाऊ. तिला मी धाकटीच म्हणते. धाकटीला दम्याचा जुना आजार. तिची औषधं, श्वासाचं यंत्र, मधूनच दवाखान्यात ठेवावं लागे तो खर्च, सगळं भावोजींच्या कंपनीच्या खात्यावर. म्हणून भावोजींच्या नोकरीला आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान. नोकरी आहे तर धाकटीचा श्वास आहे, असंच आम्ही धरून चालत होतो, आणि त्यात काही चूक नव्हतं.

नोकरी वीज कंपनीत, मीटर तपासायच्या खोलीत. मी एकदा डबा द्यायला गेले होते. लांबट खोली, खिडक्या कायम बंद, कारण धूळ आत येता कामा नये. भिंतीला लागून ओळीने मीटर लावलेले. प्रत्येक मीटरमध्ये एक चकती फिरत होती, आणि भावोजी उंच स्टुलावर बसून एकीकडे चकती बघायचे, एकीकडे घड्याळ. मीटर खरं बोलतो की खोटं एवढंच ठरवायचं, आणि खरं बोलला तर पक्कडीने शिशाचं सील दाबायचं. दिवसभर हेच. आमचे हे म्हणायचे, "तुझं बरं आहे, तू बसतोस आणि सगळं जग तुझ्यापुढे फिरतं." भावोजी हसायचे, पण एकदा मला म्हणाले होते, "वहिनी, इतकी वर्षं मीटर तपासतोय, पण एकाही मीटरने मला धन्यवाद दिले नाहीत."

खुर्च्यांचं वेड लागलं ते आमच्या सासूबाईंमुळे. त्यांचं एक अंग गेलं तेव्हा वृद्धाश्रमातून भाड्याने खुर्ची आणली होती. ती सारखी डावीकडे ओढायची. सासूबाई देवघराकडे निघाल्या की पोचायच्या मोरीपाशी. एका रविवारी भावोजी जमिनीवर उताणे पडले, खुर्चीखाली घुसले आणि जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. बाहेर आले ते तोंडाला काळं फासून.

"आई, आता तू सरळ जाशील."

"मी जन्मभर सरळच गेले रे," सासूबाई म्हणाल्या, "तुझी खुर्चीच वाकडी."

पुढे त्या गेल्या. खुर्ची परत द्यायला भावोजी वृद्धाश्रमात गेले, तर तिथल्या मेट्रनबाईंनी खुर्ची एका बोटाने ढकलून बघितली. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. मेट्रनबाई म्हणाल्या, "आमच्याकडे अशा आणखी पडल्या आहेत. नव्या घ्यायला मंडळ पैसे देत नाही. बघाल का?"

झालं. तिथून सुरुवात झाली. आधी वृद्धाश्रम, मग एक खासगी रुग्णालय, मग दुसरं. कंपनीतून आले, चहा घेतला, की भावोजी अंगणात. पुढच्या लहान चाकांच्या कण्याला माणसांचे केस आणि धागे गुंडाळलेले असतात, त्यानेच खुर्ची अडते. हे मला त्यांच्यामुळे कळलं. ते चिमट्याने केस सोडवत बसायचे आणि बोलत राहायचे. "ही सात नंबरची खुर्ची. गेल्या खेपेला या आजींचे केस करडे होते, आता पार पांढरे झाले." एखाद्या वेळी कण्याला केसच नसायचे. मग ते बोलायचे नाहीत. खुर्ची कुणी वापरत नाही म्हणजे काय, ते मलाही समजायचं. मी संध्याकाळचा दिवा लावताना त्या न पाहिलेल्या माणसासाठी हात जोडायची.

माणूस खुलला होता. मीटरच्या खोलीतून वाकून येणारे भावोजी अंगणात आले की ताठ व्हायचे. गरिबाच्या घरची खुर्ची आली तर पैसे घ्यायचे नाहीत. उलट स्वतःच्या पैशांनी टायर घालायचे. धाकटी ओरडायची, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!" तरी तीच सगळ्या गाद्यांची कव्हरं शिवून द्यायची.

आता ते जे चुकले ते सांगते.

रुग्णालयं त्यांचे पैसे बँकेत भरायची, पण आधी कराचा हिस्सा कापून. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा भावोजी कागद घेऊन वर आले. मी तेव्हा भांड्यातून देवासाठी वाढून बाजूला ठेवत होते. आमच्याकडे आधी देवाचं काढायचं, मग माणसांनी जेवायचं. सासूबाईंनी लावलेली रीत, मी अजून पाळते.

"वहिनी, हे बघा. तुम्ही देवाचं काढता तसं यांनी सरकारचं आधीच काढून ठेवलं. आता उरलं ते आपलं, निर्धास्त जेवायचं."

"पगारातलं?"

"तेही कंपनी कापतेच. दोन्हीकडून कापलं. कापलं की फिटलं!"

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते घरात म्हणीसारखं झालं. नखं कापली तरी धाकटी म्हणायची, कापलं की फिटलं. आमचे हे बँकेत होते, त्यांनाही यात काही वावगं दिसलं नाही. कर म्हणजे कापून घेतात ती गोष्ट, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक. दर वर्षी भावोजी कंपनीने दिलेला पगाराचा दाखला जोडून विवरणपत्र भरत राहिले. खुर्च्यांचं त्यात काही लिहायचं असतं, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. ते कामच त्यांच्या मनात काम नव्हतं.

मग कर खात्याची नोटीस आली, एक नाही, मागच्या काही वर्षांच्या एकदमच. रुग्णालयांनी जो कर कापला होता तो भावोजींच्याच नावावर जमा होता. त्यामुळे त्यांना मिळालेले पैसे खात्याला आरशासारखे स्वच्छ दिसत होते. आमचा समज होता की कापलं म्हणजे दार बंद झालं. दार तर कापल्यामुळेच उघडं पडलं होतं.

करसल्लागाराचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. धाकटीला जिने चढवत नव्हते, म्हणून भावोजींबरोबर मी गेले. सल्लागार तरुण होता, पण बोलणं समजूतदार. त्याने कागद बघितले आणि विचारलं, "काका, तुम्ही वीज कंपनीत ना? मग मला सांगा, एका घरात दोन मीटर आहेत. दोन्ही मीटर म्हणतात, मी थोडाच फिरलो, मला कमी वापराचा स्वस्त दर लावा. लावाल?"

"छे! एका घराचा वापर एकत्र धरायचा. मग वरचा दर."

"मग काका, तुम्ही एकच घर आहात. पगार आणि खुर्च्या हे त्यातले दोन मीटर."

भावोजींचा चेहरा मी बघत होते. त्यांना समजलं, आणि समजल्यामुळेच वाचायची वाट राहिली नाही. समजलं नसतं तर निदान भांडता तरी आलं असतं. ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी खोटा मीटर."

"खोटा नाही हो, अर्धवट. पण दंड आणि व्याज अर्धवटालाही लागतं." मग त्याने विचारलं, "टायर, बेअरिंग, पत्रा, हे सामान कुठून आणता? त्याच्या पावत्या असतील तर खर्च म्हणून वजा करू."

"जुन्या बाजारातून. तिथे कोण पावती देतं?"

"एकही नाही?"

"तो मला ओळखतो," भावोजी म्हणाले. जणू ओळखीचं वजन पावतीपेक्षा जास्त भरणार होतं.

"मग जे आलं ते सगळं नफाच, असं धरतील."

"आणि जे फुकट केलं? त्यांचेही टायर मीच घातले."

सल्लागाराने चष्मा काढून पुसला. "फुकट कामाचं उत्पन्न नाही, ते ठीक. पण त्याचा खर्चही मग तुमचा घरगुतीच. ते पाप-पुण्याच्या खात्यात, काकू. या खात्यात नाही." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून. त्याने मला चिडवलं नव्हतं.

थकलेलं भरायला धाकटीने बांगड्या काढून दिल्या. आम्ही थोडं घातलं. उरलेल्याचे हप्ते मागून घेतले. तिथे संपलं असतं, तर आज हे लिहायला मी बसले नसते. सल्लागार उठता उठता म्हणाला, "यापुढे खुर्च्यांवरचा कर दर तिमाहीला स्वतः भरा. तारखा मी कळवीन. दुसरा रस्ता म्हणजे कंपनीला लिहून द्यायचं की माझं इतर उत्पन्न एवढं, त्याचाही कर पगारातून कापा. पण जोडधंद्याला कंपनीची परवानगी आहे ना तुम्हाला?"

"धंदा कुठे आहे?" भावोजी म्हणाले. "खुर्च्या आहेत."

सल्लागार पुन्हा खाली बसला. "मग कंपनीला काही लिहून देऊ नका. स्वतः भरा. ऐका माझं."

त्यांनी ऐकलं नाही. घरी आल्यापासून एकच घोकत होते: तारीख विसरलो तर? हातात आलेला पैसा टायरात गेला तर? नोटिशीचा धसकाच बसला होता. पोटात कळ आली की माणूस जुनंच औषध शोधतो, तसं झालं. "वहिनी, कापून गेलेलंच बरं. पहिल्या घासाआधी देवाचं निघतं तसं पगाराआधी निघून जाऊ दे. लपवाछपवी पण नको. तुम्हीच म्हणता ना, देवाला सगळं दिसतं?"

"दिसतंच," मी म्हटलं. "देवापुढे स्वच्छ असलं म्हणजे भ्यायचं कारण नाही." आणि मला तसंच वाटत होतं.

आमचे हेही म्हणाले, "नाकासमोर चालावं."

भावोजींनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि कंपनीच्या हिशेबनिसाकडे दिला. हिशेबनीस त्यांचा रोजचा चहाचा सोबती. त्याने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अरे माझ्या बाबा, हे लिहून कशाला दिलंस? आधी तोंडी तरी विचारायचंस! परवानगीशिवाय दुसरं उत्पन्न म्हणजे थेट चौकशी. वर आवक क्लार्कने शिक्का मारून ठेवला."

"मग फाड ना."

"शिक्का बसलेला कागद फाडला तर माझी नोकरी जाईल. तुझी जाणार आहे ती पुरे नाही का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चौकशीला जाताना भावोजींनी पिशवीत एक लहान चाक घेतलं. साहेबांना दाखवू, म्हणाले, म्हणजे त्यांना कळेल. मी देवापुढचं फूल त्यांच्या खिशात ठेवलं. ते परत आले तेव्हा पिशवी तशीच छातीशी धरलेली होती. धाकटीने पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"म्हणाले, मीटर तपासणाऱ्या माणसाला बाहेरून पैसे येतात, ते खुर्च्यांचेच कशावरून? मोठ्या ग्राहकांच्या मीटरचे कशावरून नाहीत? ज्या रुग्णालयाने पैसे दिले, त्याच रुग्णालयाचा मीटर गेल्या वर्षी माझ्याच हातून पास झालाय."

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"मग मी चाक दाखवलं. म्हटलं साहेब, हे बघा, यातून केस काढतो मी. तर साहेब म्हणतात, हे बेअरिंग कंपनीच्या भांडारातलं आहे का?" ते हसले. "उद्या म्हणतील, केसही कंपनीचेच."

धाकटीला ढास लागली आणि ती आत यंत्राकडे गेली. तिच्या यंत्राचा घरघर आवाज बाहेर येत राहिला. त्या आवाजातच पुढचं सगळं ठरलं, असं मला आता वाटतं.

कंपनीने त्या रुग्णालयाचा मीटर काढून परत तपासला. तो बरोबर निघाला. लाच नाही हे सिद्ध झालं. मी त्या दिवशी देवाला साखर ठेवली, ती घाईच झाली. कारण नियम मोडला तो मोडलाच होता. साहेबांनी दोन वाटा ठेवल्या. एक, नोकरी सोडा. मग खुर्च्या खुशाल करा, पण निवृत्तिवेतन नाही आणि बायकोची औषधंही नाहीत. दुसरी, खालच्या पदावर राहा आणि हमीपत्रावर सही करा, की यापुढे कंपनीबाहेर कुठलंही काम करणार नाही, मोबदला घेऊन अगर न घेता.

"न घेतासुद्धा?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तसं छापलेलंच आहे. सगळ्यांना तेच," भावोजी म्हणाले.

धाकटी दारात उभी होती. "नोकरी सोडा," ती म्हणाली. "माझं काय, मी आज आहे उद्या नाही. खुर्च्यांवर भागेल आपलं."

"तुझ्या यंत्राच्या नळीला एका महिन्याला किती पैसे लागतात माहीत आहे?"

"मग श्वास कमी घेईन."

"गप्प बस," भावोजी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला आवाज चढवलेला मी तेव्हाच ऐकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

अंगणातल्या खुर्च्या वृद्धाश्रमाचा टेम्पो येऊन घेऊन गेला. अर्ध्या दुरुस्त झालेल्याही गेल्या. एकीचं चाक टोपलीत राहिलं होतं, ते भावोजी टेम्पोमागे धावत जाऊन देऊन आले. मेट्रनबाईंनी सांगितलं, आता एका मोठ्या एजन्सीला ठेका द्यायचा म्हणतात. ती दुरुस्ती करत नाही, मोडली की नवी देते. ज्यांना परवडेल त्यांना.

भावोजी आता भांडारात बसतात. जळलेले मीटर येतात, ते गोण्यांत भरून नोंद करायची. तिथे चकत्या फिरत नाहीत. पगार कमी झाला, आणि त्यातून मागच्या कराचा हप्ता कापला जातो. 'कापलं की फिटलं' असं आता घरात कुणी म्हणत नाही. नखं सगळे मुकाट्याने कापतात.

मी रोज दिवा लावते, रोज चार ओळी लिहिते. देवाला विचारते की खरं बोलणाऱ्यालाच कसं धरलंस. उत्तर मिळत नाही. श्रद्धा सोडायची नाही असं मनाशी ठरवलंय, म्हणून सोडलेली नाही, एवढंच खरं.

समोरच्या घरात निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. त्यांची खुर्ची भावोजींनीच उभी केलेली, दर महिन्याला तेलपाणी करायचे. आता महिने गेले. बाई संध्याकाळी हवा खायला निघाल्या की सगळ्या गल्लीला ऐकू येतं. कुईं, कुईं, कुईं. आज आमच्या फाटकाशी थांबून त्यांनी हाक मारली.

"काय हो मीटरवाले! कान गेले का? माझी खुर्ची रडतेय, मी नाही रडत, हे तरी बरं आहे!"

भावोजी खिडकीत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली. बाईंना कारण ठाऊक आहे, पण त्यांचा स्वभाव गप्प बसायचा नाही. त्या म्हणाल्या, "थेंबभर तेलाने कुठली कंपनी बुडते?"

मला राहवलं नाही. सही भावोजींनी केली होती, मी नाही. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन मी खाली गेले, पदर खोचला आणि बाईंच्या पायांशी बसले. पण तेल घालायचं कुठे? मोठ्या चाकाच्या मध्यभागी घातलं. बाईंनी खुर्ची पुढे-मागे केली. कुईं. लहान चाकाच्या वर घातलं. कुईं. तेल फरशीवर ओघळलं, माझ्या बोटांना लागलं. इतकी वर्षं हे काम डोळ्यांदेखत झालं, पण मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

मान वर केली तर खिडकी पुन्हा किलकिली झाली होती. भावोजींचा हात बाहेर आला होता, तर्जनी खालच्या बाजूला, मागच्या कुठल्यातरी सांध्याकडे रोखलेली. मी विचारलं, "कुठे? इथे का?"

बोट क्षणभर तसंच राहिलं. मग त्यांनी मूठ मिटली आणि हात आत घेतला.

"जाऊ दे ग," बाई म्हणाल्या, आणि चाकं ढकलत निघून गेल्या. वळणापर्यंत आवाज येत होता.